हॉटेल मॅनेजमेंटची पदवी आर्थिकदृष्ट्या परवडेल का? प्रवेशापूर्वी मांडायचा हिशेब

हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीला प्रवेश घ्यावा की नाही, हे ठरवताना बहुतेक घरांत दोनच आकडे समोर ठेवले जातात: संपूर्ण अभ्यासक्रमाचे शुल्क आणि पदवीनंतर मिळणारा पहिला पगार. हे दोन्ही आकडे खरे असले तरी त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष बहुधा फसतो, कारण शुल्क हा एकूण खर्चाच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो आणि पहिला पगार पदवीच्या खऱ्या मिळकतीविषयी फारच थोडे सांगतो. पदवीची किंमत दडलेली असते ती पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पगार किती वेगाने वाढतो यात, आणि तेवढी वर्षे आपण या क्षेत्रात टिकतो की नाही यात. या दोन गोष्टी कागदावर कशा मांडाव्यात, हे या क्षेत्राची अजिबात माहिती नसलेल्या वाचकासाठी येथे टप्प्याटप्प्याने सांगितले आहे.

चलन आणि देश कोणताही असला तरी पद्धत तीच राहते, म्हणून येथे सर्व आकडे ‘एककां’त दिले आहेत. एक एकक म्हणजे पदवी न घेता आज या क्षेत्रात कामाला लागल्यास पहिल्या वर्षभरात कर आणि कपाती वजा जाता हातात येणारा पगार. उदाहरणांतील आकडे पद्धत समजावी म्हणून गृहीत धरलेले आहेत. वाचकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालून गणित पुन्हा करावे.

पहिली पायरी: तुलना कशाशी करायची ते ठरवा

पदवी घेतली नाही तर मी काय करीन, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मिळाल्याशिवाय पुढचा कोणताही आकडा उपयोगाचा नाही. ज्याच्यापुढे पदवीऐवजी एखाद्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला किंवा किचनमध्ये आजच रुजू होण्याची संधी आहे, त्याचा हिशेब वेगळा. ज्याला वाणिज्य शाखेच्या सर्वसाधारण पदवीला प्रवेश मिळत आहे, त्याचा वेगळा. आणि जो चार वर्षे हॉटेलात काम करून आता पदोन्नतीसाठी पदवी घेऊ पाहतो, त्याचा आणखी वेगळा. पहिल्याला बुडणारा पगार मोजावा लागेल, दुसऱ्याने दोन पदव्यांच्या शुल्कातील आणि पुढील संधींतील फरक तेवढा मोजावा, तर तिसऱ्याचा बुडणारा पगार सर्वांत मोठा असल्याने त्याने नोकरी सांभाळून शिकता येईल का, हे आधी पाहावे. खालील उदाहरण पहिल्या प्रकारच्या विद्यार्थ्याचे आहे, कारण नवख्यांपुढे बहुधा हाच पेच असतो.

दुसरी पायरी: खर्चाची पूर्ण यादी करा

शिक्षणसंस्थेच्या पत्रकात छापलेले शुल्क ही यादीची केवळ पहिली ओळ असते. त्याखाली परीक्षा आणि प्रयोगशाळेचे शुल्क, गणवेशाचे दोन-तीन संच, न घसरणारे बूट, किचनसाठी सुऱ्यांचा संच, वसतिगृह आणि इंटर्नशिपच्या ठिकाणी जाण्या-येण्याचा व राहण्याचा खर्च येतो. इंटर्नशिपचा खर्च हमखास विसरला जातो. या अभ्यासक्रमात काही महिने प्रत्यक्ष हॉटेलात काम करणे सक्तीचे असते. त्या काळात मिळणारे विद्यावेतन ठिकाणागणिक बदलते, काही ठिकाणी ते मुळीच नसते, आणि शहर परके असेल तर घरभाडे आपल्याच खिशातून जाते. दुसरीकडे, काही हॉटेले प्रशिक्षणार्थींना राहायला जागा आणि कामाच्या वेळेत जेवण देतात. म्हणून इंटर्नशिप हा खर्च आहे की मिळकत, हे संस्थेला थेट विचारून घ्यावे. घरी राहून नोकरी केली असती तरी जेवण-खाण लागलेच असते, त्यामुळे रोजचा जगण्याचा खर्च या यादीत धरू नये. घराबाहेर राहिल्यामुळे जो जादा खर्च होतो, तेवढाच धरावा.

यानंतरची ओळ सर्वांत मोठी असते: शिकत असताना न मिळालेला पगार. समजा, अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, दरवर्षीचा सर्व शैक्षणिक खर्च ०.७ एकक आहे आणि इंटर्नशिपमधून एकूण ०.२ एकक हाती येते. म्हणजे थेट खर्च २.१ मधून ०.२ वजा जाता १.९ एकक झाला. याच तीन वर्षांत नोकरी केली असती तर पहिल्या वर्षी १, आणि पगार दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढतो असे धरल्यास दुसऱ्या वर्षी १.०६ व तिसऱ्या वर्षी सुमारे १.१२, असे मिळून सुमारे ३.१८ एकक मिळाले असते. तेव्हा पदवीची खरी किंमत २.१ नसून सुमारे ५.०८ एकक आहे, आणि तिचा सर्वांत मोठा वाटा कोणत्याही पावतीवर दिसत नाही. हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही, पण तो माहीत नसताना प्रवेश घेणे धोक्याचे आहे.

तिसरी पायरी: हातात येणारी मिळकत नेमकी ओळखा

या क्षेत्रात नेमणूकपत्रावरचा पगार आणि प्रत्यक्ष मिळकत यांत इतर अनेक क्षेत्रांपेक्षा जास्त अंतर असते, आणि ते अंतर दोन्ही दिशांना असू शकते. पाहुण्यांशी थेट संबंध येणाऱ्या कामांत बक्षिशी आणि सेवाशुल्कातील वाटा मिळतो, तर पडद्यामागच्या कामांत तो कमी असतो किंवा नसतो. अनेक ठिकाणी व्यवस्थापकीय पदावरील व्यक्तीला बक्षिशीत वाटा घेता येत नाही. त्यामुळे चांगल्या रेस्टॉरंटमधला अनुभवी वेटर सुपरवायझर झाला की त्याचा मूळ पगार वाढतो, परंतु महिन्याअखेरीस हाती येणारी रक्कम काही काळ घटलेली असू शकते. पदवीधर थेट सुपरवायझर किंवा मॅनेजमेंट ट्रेनी (व्यवस्थापकीय पदासाठी तयार केला जाणारा प्रशिक्षणार्थी) म्हणून रुजू झाला, तर त्याची तुलना वेटरच्या मूळ पगाराशी न करता वेटरच्या एकूण मिळकतीशी करायला हवी. हा फरक लक्षात न आल्याने कित्येकांना पदवीचा लाभ आहे त्यापेक्षा मोठा वाटतो.

याउलट काही फायदे पगारपत्रकात दिसत नाहीत, पण पैशांत मोजता येतात. कामावर असताना मिळणारे जेवण, धुऊन मिळणारा गणवेश, रिसॉर्टमध्ये किंवा क्रूझ जहाजावर मिळणारी राहण्याची सोय यांमुळे हातचा खर्च वाचतो. घरभाडे आणि जेवण यांवर काहीही खर्च न करणारी व्यक्ती कमी पगारातही अधिक शिल्लक टाकू शकते. जहाजावरील करार मात्र ठरावीक महिन्यांचे असतात आणि दोन करारांमधल्या काळात पगार नसतो, म्हणून मासिक आकड्याला बाराने न गुणता प्रत्यक्ष कामाच्या महिन्यांनी गुणावे.

त्यानंतर तासांचा विचार करावा. सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी काम व मधे काही तासांची सुट्टी अशी दोन तुकड्यांची पाळी, सणासुदीच्या आणि सुट्टीच्या दिवसांत वाढणारे काम, रात्रपाळी, या गोष्टी या क्षेत्राच्या स्वभावातच आहेत. समजा, एका पदावर आठवड्याला ४५ तासांसाठी १ एकक वार्षिक पगार आहे आणि त्यावरच्या पदावर ६० तासांसाठी १.२ एकक. पगार २० टक्क्यांनी वाढला, पण तास एक-तृतीयांशाने वाढले, आणि दर तासाची मिळकत १० टक्क्यांनी घटली. वरच्या पदावर जादा कामाचा मोबदला स्वतंत्रपणे मिळत नसेल, तर अशी घट होऊ शकते. वार्षिक पगारासोबत ताशी मिळकतही काढून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. थकवा हा हिशेबाबाहेरचा विषय नाही, कारण थकलेली माणसेच क्षेत्र सोडून जातात आणि तेव्हा पदवीचा सगळा हिशेब बदलतो. याविषयी पुढे येईलच.

चौथी पायरी: वाढीचा वेग तपासा

आता आपले उदाहरण पुढे नेऊ. पदवी न घेतलेली व्यक्ती चौथ्या वर्षी, तीन वर्षांच्या अनुभवासह, सुमारे १.१९ एकक मिळवत आहे. त्याच वर्षी पदवीधर १.३ एककांवर रुजू होतो. दोघांतील फरक आहे जेमतेम ०.११ एकक. दोघांचेही पगार पुढे दरवर्षी ६ टक्क्यांनीच वाढत राहिले, तर ५.०८ एककांचा खर्च वसूल व्हायला कामाची २३ वर्षे लागतील. पण पदवीधराचा पगार दरवर्षी ९ टक्क्यांनी वाढला आणि दुसऱ्याचा ६ टक्क्यांनी, तर अकराव्या वर्षाअखेर फरकाची बेरीज जवळपास ५ एककांवर पोहोचते आणि बाराव्या वर्षाच्या सुरुवातीलाच खर्च भरून निघतो. त्यापुढचा प्रत्येक वर्षाचा फरक हा निव्वळ लाभ असतो आणि तो दरवर्षी वाढत जातो.

हाच हिशेब आणखी एका बाजूने पाहावा. समजा, शिष्यवृत्ती मिळून २.१ एककांचा शैक्षणिक खर्च निम्मा झाला. मग एकूण खर्च सुमारे ४.०३ एककांवर येतो, आणि ९ टक्क्यांच्या वाढीने तो दहाव्या वर्षाअखेर वसूल होतो. म्हणजे हा खर्च निम्मा झाल्याने वसुली एखाद-दीड वर्ष अलीकडे आली, तर वाढीच्या वेगातील तीन टक्क्यांच्या फरकाने ती अकरा वर्षे अलीकडे आली. संस्था निवडताना शुल्कातील थोड्या फरकावर घरात जितकी चर्चा होते, त्याच्या निम्मी तरी चर्चा ‘इथून बाहेर पडलेले विद्यार्थी पाच वर्षांनी कोणत्या पदावर असतात’ या प्रश्नावर व्हायला हवी.

हा वेग कशावर अवलंबून असतो? मोठ्या हॉटेलात वर चढण्याच्या पायऱ्या बऱ्याच अंशी ठरलेल्या असतात: असोसिएट, सुपरवायझर, असिस्टंट मॅनेजर, विभागप्रमुख, आणि पुढे जनरल मॅनेजर. पायऱ्या वर जाव्या तशा जागा कमी होत जातात. एका हॉटेलात असोसिएट अनेक असतात, जनरल मॅनेजर एकच असतो. पदवीचा उपयोग प्रामुख्याने दोन ठिकाणी होतो. एक म्हणजे मॅनेजमेंट ट्रेनी कार्यक्रमात, जेथे हॉटेलसाखळ्या नव्या पदवीधरांना ठरावीक काळ वेगवेगळ्या विभागांतून फिरवून थेट कनिष्ठ व्यवस्थापकीय पदावर नेमतात. या दारातून आत जाण्यासाठी पदवी ही बहुधा अट असते. दुसरे म्हणजे रेव्हेन्यू मॅनेजमेंट (खोल्यांचे दर ठरवून उत्पन्न वाढवण्याचे काम), विक्री, वित्त, मनुष्यबळ, आणि नवी हॉटेले उभारण्याचे काम पाहणारा विभाग, अशा आकडेमोडीच्या आणि कार्यालयीन विभागांत.

या विभागांत पगार का वाढतो, हे एका छोट्या उदाहरणावरून समजेल. एका हॉटेलात १०० खोल्या आहेत. एका रात्री ६० खोल्या प्रत्येकी १०० या दराने गेल्या; उत्पन्न ६,०००, म्हणजे उपलब्ध खोलीमागे ६०. दुसऱ्या रात्री दर ८० केला आणि ८० खोल्या गेल्या. उत्पन्न ६,४००, खोलीमागे ६४. दुसरी रात्र चांगली गेली असे वाटते. पण एक खोली वापरात आली की सफाई, चादरी, वीज, पाणी यांवर २५ खर्च होत असेल, तर पहिल्या रात्री ४,५०० उरतात आणि दुसऱ्या रात्री ४,४००. उपलब्ध खोलीमागील उत्पन्नाला या व्यवसायात ‘रेव्हपार’ म्हणतात, आणि केवळ तो आकडा पाहून दर ठरवणारा व्यवस्थापक येथे फसेल. खोलीचा दर रोज ठरवावा लागतो आणि आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही, म्हणून असे निर्णय नीट घेणाऱ्या माणसाला मालक जास्त पैसे द्यायला तयार असतो. हॉटेलांचे हिशेब एकसारख्या पद्धतीने मांडण्याची प्रमाण पद्धत न्यूयॉर्कमधील हॉटेलचालकांच्या संघटनेने १९२६ साली प्रसिद्ध केली. तिच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरात आहेत. अभ्यासक्रमात ही पद्धत, खर्चाचे विश्लेषण आणि दरनिश्चिती किती खोलवर शिकवतात, हे विषयांच्या यादीत अवश्य पाहावे. टेबल मांडणे आणि पलंग आवरणे शिकवणारे विषय पायासाठी आवश्यक आहेत, परंतु ती कौशल्ये नोकरीत काही आठवड्यांत शिकता येतात आणि त्यासाठी तीन वर्षांचे शुल्क भरणे परवडत नाही.

किचनची गोष्ट निराळी आहे. कॉमी, शेफ द पार्टी, सू शेफ, एक्झिक्युटिव्ह शेफ ही चढण मुख्यतः हाताच्या कामावर आणि कोणाच्या हाताखाली शिकलात यावर ठरते. ज्याला केवळ शेफ व्हायचे आहे, त्याच्यासाठी व्यवस्थापनाची पूर्ण पदवी बहुतेक वेळा महाग पडते असे माझे मत आहे. पाककलेचा लहान अभ्यासक्रम किंवा चांगल्या किचनमधील उमेदवारी त्याला लवकर पुढे नेते. पुढे स्वतःचे रेस्टॉरंट काढायचे असेल तर हिशेब आणि मनुष्यबळाचे शिक्षण उपयोगी पडते, पण ते नंतरही घेता येते.

पदवीशिवाय शिखर गाठलेल्यांची उदाहरणे या चर्चेत नेहमी दिली जातात. सेझार रिट्झ याने स्वित्झर्लंडमधील एका हॉटेलात उमेदवारीपासून सुरुवात केली आणि १८९८ साली पॅरिसमध्ये स्वतःच्या नावाचे हॉटेल उघडले. मात्र त्याने उमेदवारी सुरू केली तेव्हा हॉटेलव्यवसाय शिकवणाऱ्या शाळा अस्तित्वातच आल्या नव्हत्या. लोझान येथील प्रसिद्ध शाळा १८९३ साली सुरू झाली आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील अभ्यासक्रम १९२२ साली. त्याच्या काळात प्रत्येकाची वाट उमेदवारीचीच होती, म्हणून पदवी लागते की नाही याबद्दल त्याचे उदाहरण काहीच सिद्ध करत नाही. आपल्याला ज्या हॉटेलांत काम करायचे आहे, तेथील आजच्या विभागप्रमुखांपैकी किती जण पदवीधर आहेत, हे व्यावसायिक संकेतस्थळांवरील त्यांच्या माहितीवरून पाहता येते. वीस-पंचवीस जणांची माहिती वाचून प्रत्येक पदासाठी किती वर्षे लागली ते लिहून काढले, तर आपल्या गणितातला वाढीचा दर अंदाजाने न घालता पुराव्याने घालता येईल. या कामाला एक दिवस लागतो, आणि संपूर्ण हिशेबात याहून फलदायी दिवस दुसरा नाही.

पाचवी पायरी: कर्ज घेणार असाल तर हप्ता आधी काढा

शुल्क कर्जाने भरायचे असेल तर वरचा खर्च वाढतो. दरवर्षीच्या सुरुवातीला ०.७ एकक याप्रमाणे तीन वर्षांत २.१ एकक कर्ज १० टक्के चक्रवाढ व्याजाने घेतले आणि शिक्षण संपेपर्यंत काहीच फेडले नाही, तर पहिला हप्ता सुरू होण्यापूर्वीच ते सुमारे २.५५ एकक झालेले असते. ते सात वर्षांत समान वार्षिक हप्त्यांनी फेडायचे ठरवल्यास हप्ता वर्षाला सुमारे ०.५२ एकक येतो, म्हणजे १.३ एककांच्या पहिल्या पगारातील ४० टक्के रक्कम हप्त्यातच जाते. मुदत दहा वर्षांची केली तर हप्ता सुमारे ०.४१ एककांवर उतरतो, पण एकूण फेड ३.६६ वरून ४.१५ एककांवर जाते. सुरुवातीचा पगार कमी आणि वाढ नंतर, असे या क्षेत्राचे स्वरूप असल्यामुळे हप्त्याचा भार नेमका सर्वांत अशक्त वर्षांत पडतो. हप्त्याच्या ओझ्यापायी अनेक पदवीधरांना चांगल्या प्रशिक्षणाची, पण कमी पगाराची नोकरी नाकारून तात्पुरते जास्त पैसे देणारी नोकरी घ्यावी लागते, आणि वाढीचा तोच वेग हातचा जातो ज्याच्या भरवशावर कर्ज काढलेले असते. शिक्षण चालू असताना निदान व्याज तरी भरता आले तर भरावे. पहिल्या पगारातील चौथ्या हिश्श्याहून अधिक रक्कम हप्त्यात जाणार असेल, तर अधिक स्वस्त संस्था शोधावी, असे मी सुचवेन; शुल्कातील फरकाचे महत्त्व वर कमी दिसले तरी कर्जाच्या बाबतीत ते एकदम वाढते.

उशिरा मिळणाऱ्या पैशाची किंमतही कमी धरावी लागते. वर्षाला ५ टक्के हा दर धरला, तर दहा वर्षांनी मिळणाऱ्या एका एककाची आजची किंमत सुमारे ०.६१ एकक असते. पदवीचा खर्च आज होतो आणि लाभ उशिरा येतो, म्हणून ही सुधारणा केल्यावर वसुलीचा काळ आणखी लांबतो.

सहावी पायरी: क्षेत्र सोडण्याची शक्यता धरा

हॉटेलव्यवसायात माणसे टिकून राहण्याचे प्रमाण कमी आहे, हे या क्षेत्रातील कोणीही सांगेल. आपल्या उदाहरणातील पदवीधर पाच वर्षे काम करून बाहेर पडला आणि नव्या क्षेत्रात या पदवीला काहीच किंमत मिळाली नाही, असे धरले, तर तोपर्यंत ५.०८ पैकी केवळ सुमारे १.०७ एकक वसूल झालेले असतात, म्हणजे जवळपास एक-पंचमांश. ही सर्वांत वाईट शक्यता झाली. प्रत्यक्षात रुग्णालये, विमान कंपन्या, किरकोळ विक्री, बँकांचे ग्राहकसेवा विभाग, मोठ्या इमारतींची देखभाल करणाऱ्या कंपन्या येथे या पदवीधरांना मागणी असते. तरीही अभ्यासक्रमात लेखाकर्म, विपणन, संख्याशास्त्र, कायदा हे विषय जितके भक्कम, तितकी ती पदवी बाहेर अधिक चालते. केवळ हॉटेलपुरते विषय असलेली पदवी क्षेत्र सोडताच बरीचशी निरुपयोगी होते.

बाहेर पडण्याची वेळ आपल्या इच्छेनेच येते असे नाही. २०२० साली जगभरातील आंतरराष्ट्रीय पर्यटकांची संख्या आदल्या वर्षाच्या तुलनेत ७० टक्क्यांहून अधिक घटली, आणि ती २०१९ च्या पातळीजवळ पोहोचायला २०२४ उजाडले. त्या काळात पदवी हातात घेऊन बाहेर पडलेल्या अनेकांची पहिली एक-दोन वर्षे वाया गेली. इतके मोठे संकट विरळा असले, तरी मंदीत कंपन्या सर्वांत आधी प्रवासखर्चाला कात्री लावतात, त्यामुळे या क्षेत्रातील पगारवाढ सरळ रेषेत चालत नाही. आपल्या गणितात दोन वर्षे शून्य वाढीची घालून पाहावीत. तरीही हिशेब जुळत असेल तर तो भरवशाचा.

सातवी पायरी: संस्थेला नेमके प्रश्न विचारा

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या शब्दांवरून काहीही कळत नाही. एकूण प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण उत्तीर्ण झाले, त्यांपैकी किती जणांनी प्लेसमेंटसाठी नाव नोंदवले, टक्केवारी यांतील कोणत्या संख्येवर काढली आहे, नोकऱ्या कोणत्या पदाच्या होत्या, मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून किती जणांची निवड झाली, आणि दिलेला पगार सरासरी आहे की मध्यक, हे प्रश्न लेखी विचारावेत. सरासरीत परदेशी किंवा जहाजावरच्या दोन-चार मोठ्या पगारांमुळे आकडा फुगतो; मध्यक म्हणजे रांगेतील मधल्या विद्यार्थ्याचा पगार, आणि आपण मधलेच असू असे धरून चालणे शहाणपणाचे. एखादी संस्था ही माहिती देण्याचे टाळत असेल, तर ते टाळणे हीच माहिती समजावी. दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांशी संस्थेच्या मध्यस्थीशिवाय बोलावे आणि त्यांना पहिल्या नव्हे, आजच्या पगाराविषयी विचारावे. पदवीला मान्यता कोणाची आहे आणि ती दुसऱ्या देशात किंवा उच्च शिक्षणासाठी ग्राह्य धरतात का, हेही पाहून घ्यावे.

आठवी पायरी: मधल्या वाटाही मोजा

पदवी किंवा काहीच नाही, अशी निवड क्वचितच असते. एक वर्षाचा डिप्लोमा करून नोकरीला लागणे, नोकरी करत दूरस्थ पद्धतीने पदवी पूर्ण करणे, व्यवसायप्रशासनाची सर्वसाधारण पदवी घेऊन सुट्टीत हॉटेलात काम करणे, किंवा काही वर्षे काम करून मालकाने शुल्काचा काही भाग उचलला तर शिकणे, या प्रत्येक वाटेसाठी वरचेच गणित मांडावे. नोकरी चालू ठेवून शिकणाऱ्याच्या खर्चातून बुडणाऱ्या पगाराचे ३.१८ एकक जवळजवळ पूर्ण वगळले जातात, आणि त्यामुळे वाढीचा वेग थोडा कमी मिळाला तरी हिशेब जुळतो. मात्र या वाटेवर कॅम्पसमधून होणारी निवड आणि मॅनेजमेंट ट्रेनीचे दार बहुधा मिळत नाही. अन्नसुरक्षेच्या ‘हॅसप’ पद्धतीचे प्रमाणपत्र किंवा लंडनच्या वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्टच्या परीक्षा अशी छोटी प्रमाणपत्रे ठरावीक कामांत पगार वाढवतात. ती पदवीची जागा घेत नाहीत, पण त्यांच्यावरचा खर्च लवकर वसूल होतो.

नववी पायरी: शुल्क भरण्यापूर्वी काम करून पाहा, आणि हिशेब पुन्हा उघडा

प्रवेश घेण्याआधी सहा ते आठ आठवडे कोणत्याही हॉटेलात, मिळेल त्या विभागात काम करावे. दहा तास उभे राहणे, सुट्टीच्या दिवशी कामावर जाणे, रागावलेल्या पाहुण्याशी शांतपणे बोलणे हे आपल्याला पेलते का, याचे उत्तर कोणत्याही माहितीपत्रकात मिळत नाही, आणि सहाव्या पायरीतील क्षेत्र सोडण्याची शक्यता ठरवण्यासाठी तेच उत्तर लागते. संस्थेचा शुल्कपरताव्याचा नियम आणि त्याची अंतिम तारीखही या काळातच वाचून ठेवावी.

प्रवेश घेतल्यावर पहिल्या इंटर्नशिपनंतर हाच कागद पुन्हा काढावा. तोवर भरलेले शुल्क आणि गेलेले वर्ष आता परत येणार नसल्याने ते नव्या हिशेबात धरायचे नाही. पुढे राहिलेला खर्च आणि पुढे मिळणारा लाभ एवढेच धरायचे. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षानंतर अभ्यासक्रम सोडून नोकरीला लागण्याच्या तुलनेत उरलेली पदवी पूर्ण करण्याचा खर्च सुमारे ३.२६ एकक राहतो, मूळच्या ५.०८ च्या दोन-तृतीयांशाहूनही कमी. म्हणून सुरुवातीला काठावर असलेली पदवी वर्षभरानंतर पूर्ण करणे फायद्याचे ठरू शकते; आणि इंटर्नशिपमध्ये हे काम आपल्याला झेपत नाही असे स्पष्ट कळले असेल, तर पहिल्या वर्षाचे पैसे वाया जातील या भीतीने आणखी ३.२६ एकक घालण्याचे कारण उरत नाही. अशा वेळी पहिल्या वर्षाचे गुण दुसऱ्या शाखेच्या पदवीत वर्ग करून मिळतात का, याची चौकशी विद्यापीठाच्या कार्यालयात दुसऱ्या वर्षाचे शुल्क भरण्याआधी करावी.